आंबणं आणि सडणं

महालक्ष्म्या घरात येतात त्या संध्याकाळी, ओट्यापासून देवघरापर्यंत पावलं काढून झाली की, मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आमच्या घरात आंबिलीचं मडकं भरलं जातं. ज्वारी त्याआधीच ओलवून, हलक्या हातानं कांडून, पाखडून ठेवलेली असते. कोंडा गेला की ती जाडसर भरडायची, आंबट ताकात कालवायची, वर चार बोटं पाणी राहील इतकी पातळ ठेवायची आणि मडक्याच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधून ते चुलीच्या उबेला, पण आचेपासून हातभर दूर सारायचं. सकाळी फडकं सोडलं की भरड खाली बसलेली, वर ढगाळ पाणी, आणि त्या पाण्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊन फुटत असतात. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते. वासात ताक असतं, कच्चं पीठ असतं आणि पावसात भिजलेल्या कडब्याची आठवण असते. मग ते उकळत्या पाण्यात सोडायचं, गुठळी होऊ न देता घोटायचं, मीठ, जिरं, आलं, खोबऱ्याचे काप घालायचे. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी असं सगळं पानात असलं तरी आंबिलीची वाटी नसेल तर आमच्याकडं महालक्ष्मीचा नैवेद्य पुरा होत नाही.

लहानपणी मी ते फडकं घडीघडी वर करून पाही. आजी ओरडायची, "काहून पाहून राह्यली वं सारखी? येऊ दे ना त्याले."

'येऊ दे.' आपल्या बोलण्यात पीठ येतं, विरजण लागतं, लोणचं मुरतं, रस फसफसतो. या सगळ्या वाक्यांत काम करणारं मडकं आहे, माणूस नाही. माणसानं कालवायचं, झाकायचं आणि बाजूला व्हायचं. बिघडण्याचेही शब्द आपल्याकडं असेच नेमके आहेत. दूध नासतं, वरण विटतं, तेल खवट होतं, भाकरीला बुरशी येते, फळ सडतं. डोळे झाकून नुसत्या वासावर यातलं काय झालं हे सांगणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. लुई पाश्चर यानं दूध आंबवणारे जीव असतात हे १८५७ साली मांडलं. त्याच्या कितीतरी आधीपासून स्वयंपाकघरातल्या भाषेनं या जीवांच्या कामाची प्रतवारी लावून ठेवली होती. आंबणं वेगळं, सडणं वेगळं. पहिल्यात अन्न टिकतं, दुसऱ्यात ते हातचं जातं.

आता याच भाषेतला एक शब्द पाहा. विदर्भातल्या आणि आमच्याकडं येणाऱ्या मराठी वर्तमानपत्रांत दर आठ-पंधरा दिवसांनी एक बातमी असते: पोलिसांनी जंगलात धाड टाकून इतके लिटर 'मोहसडवा' नष्ट केला. सडवा म्हणजे पाण्यात भिजवून आंबवलेली मोहफुलं. त्यात काहीही सडलेलं नसतं. फुलातली साखर खाऊन यीस्ट तिचा मद्यार्क करत असतं, जसं ते द्राक्षाच्या रसात करतं, पावाच्या कणकेत करतं आणि थोडंफार आमच्या आंबिलीच्या मडक्यातही करतं. आपल्या घरात जे आंबतं, ते गोंड आदिवासीच्या घरात सडतं. हा शब्दांचा फरक मला गेली कित्येक वर्षं छळतो आहे आणि हा लेख त्यासाठीच लिहिला आहे. घरोघरी आंबवण्याची विद्या आपण गमावत चाललो आहोत. ती परत आणायची तर ती आजवर ज्यांनी सांभाळली त्या सगळ्यांच्या मडक्यांना एकच नाव द्यावं लागेल, असं माझं म्हणणं आहे.

एकाच परिसरातली तीन भांडी समोर ठेवते. पहिलं आमचं आंबिलीचं मडकं, ज्याची जागा देवघरात. दुसरं वैद्याचं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ८४ आसवं सांगितली आहेत. आसव आणि अरिष्ट म्हणजे औषधी काढा किंवा रस, गूळ आणि धायटीची फुलं बंद भांड्यात ठेवून आंबवलेलं द्रव्य. आमच्या सातपुड्यात धायटीचं झुडूप माळावर, ओढ्याकाठी सगळीकडं आहे. फाल्गुनाच्या सुमारास ते लालभडक होतं. त्या फुलांबरोबर मधही येतो आणि यीस्टही. औषधाच्या दुकानातल्या द्राक्षासवात असा आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो, आणि आपण तो बाळंतिणीला, आजाऱ्याला चमच्यानं देतो. तिसरं भांडं मोहाचं. गोंड समाजात जन्म, लग्न, मरण, पेरणी यांतलं काहीही बडादेवाला मोहाची धार दिल्याशिवाय होत नाही. म्हणजे तोही नैवेद्यच. तिन्ही भांड्यांत काम करणारी कुळं दोनच: आंबटपणा आणणारे लॅक्टोबॅसिलस आणि मद्यार्क करणारे यीस्ट. एक भांडं देवघरात गेलं, एक औषधाच्या कपाटात, एक पोलीस ठाण्यात. हे जंतूंनी ठरवलेलं नाही.

कोणी ठरवलं, याची दोन उत्तरं आहेत. एक जुनं आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आंबलेले पदार्थ वर्ज्य सांगितले आहेत आणि लगेच पुढं सवलत दिली आहे: दही चालेल, दह्यापासून केलेलं चालेल. म्हणजे ज्याच्या गोठ्यात गाय आहे त्याचं आंबवलेलं शुद्ध. ज्याच्या दारात गाय नाही, मोहाचं झाड आहे, त्याचं अशुद्ध. ग्रंथ वाचून कोणी स्वयंपाक करत नाही हे खरं, पण ही वाटणी आपल्या जिभेत इतकी मुरली की आपल्या ताकातल्या आंबिलीला आपण सात्त्विक म्हणतो आणि शेजारच्या मडक्याकडं पाहून नाक मुरडतो.

दुसरं उत्तर महसुलाचं आहे, आणि माझ्या मते तेच जास्त घातक ठरलं. इंग्रज सरकारला दारूवरचा कर हवा होता. लोकांनी घरच्या घरी, फुकटात मिळणाऱ्या फुलापासून पेय केलं तर कर कोण भरणार? मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहाचा स्वतंत्र कायदा झाला. दारूचा नव्हे, फुलाचा. जे फूल दुष्काळात लोक शिजवून, वाळवून, भाकरीच्या पिठात मिसळून खात, ते बाळगण्यावरच बंधन आलं. मध्य प्रांतात १९१५ चा अबकारी कायदा आला आणि मध्य प्रदेशात आजही मूळ कायदा तोच आहे. हे फक्त इंग्रजांनी केलं असंही नाही. जपानमध्ये शेतकरी घरोघरी तांदळाची दारू करत. दारूवरचा कर हा तिथल्या मेइजी सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता, म्हणून १८९९ साली घरी दारू करण्यावर पूर्ण बंदी आली. अमेरिकेत घरच्या बिअरला कायद्यानं मोकळीक मिळायला १९७८ साल उजाडावं लागलं. सरकारं देशोदेशी याच रस्त्यानं गेली. आपल्याकडं त्यात जातीची भर पडली, त्यामुळं कर चुकवणारा नुसता गुन्हेगार न राहता घाणेरडाही ठरला.

सौंसरला बसून हे फार स्पष्ट दिसतं, कारण आम्ही रेघेवर राहतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर आणि बाकीचा विदर्भ मुंबई राज्यात गेला. आमचा मराठी बोलणारा सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला, छिंदवाडा जिल्ह्यात, आणि २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाल्यावर त्यात आला. त्या रेघेनं भाषा तुटली नाही, सोयरीक तुटली नाही, पोळा आणि महालक्ष्म्या तुटल्या नाहीत. मोहाच्या फुलाचं मात्र नशीब तुटलं. या बाजूला आदिवासींना स्वतःच्या घरापुरती मोहाची दारू करायला कायद्यात सूट आहे. नागपूरच्या रस्त्यानं केळवदकडं उतरलं की १९४९ चा दारूबंदीचा कायदा लागतो, आणि तिथं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यांवरची बंधनं सैल व्हायला २०२१ साल लागलं. आमच्याच तालुक्यात मोहगाव आहे, नावातच मोह. चैत्राच्या तोंडावर पहाटे झाडाखालची जागा झाडून बाया टोपल्या घेऊन बसतात. फुलं उजाडायच्या आत गळतात, मेणासारखी, गोड, हाताला चिकटणारी. झाडाला आपण कोणत्या राज्यात आहोत हे ठाऊक नसतं.

आता मध्य प्रदेश सरकारनं २०२२ च्या अबकारी धोरणात मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून मान दिला आहे, आणि अलीराजपूर व दिंडोरीत बचत गटांकडून ती तयार होते. याचं मला समाधान आहे. पण बाटली देखणी झाली आणि शहरातल्या हॉटेलात गेली म्हणून ज्या बाईच्या मडक्याला आपण सडवा म्हणत होतो तिची प्रतिष्ठा आपोआप वाढत नाही. बाटलीला वारसा म्हणायचं आणि मडक्याला गुन्हा म्हणायचं, हे दोन्ही एकाच वेळी चालणार नाही.

इथं कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं: दारूनं घरं बसली ती कोणाची? बायांचीच. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नवऱ्याच्या मजुरीचे पैसे घरी पोहोचायच्या आत संपलेले, चूल थंड, पोरं शेजारच्या घरात जेवायला. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती तिथल्या गावांच्या आणि बायांच्या रेट्यानं झाली, आणि त्या बायांपुढं मी मान झुकवते. गावानं ठरवून भट्टी बंद केली तर तो गावाचा हक्क आहे. माझा आग्रह वेगळ्या ठिकाणी आहे. सणाला देवापुढं धार धरायला केलेलं घरचं मडकं आणि रोजच्या धंद्याची भट्टी यांत फरक करता आला पाहिजे, आणि तो फरक त्या गावच्या बायांनाच सगळ्यांत चांगला कळतो. विषारी दारूचंही तसंच. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलनं. मिथेनॉल हा कारखान्यातला माल. धंदेवाईकांनी तो दारूत मिसळला होता. फुलं भिजवून आंबवण्याच्या माथी ते मरण मारता येत नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगते: ऊर्ध्वपातन, म्हणजे भट्टीवर वाफ धरून अर्क काढणं, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं त्यांचं काम आहे. ज्यांना नव्यानं आंबवायला शिकायचं आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. शिकायला आंबील आहे, कुरड्या आहेत, लोणचं आहे, कांजी आहे.

आणि त्यांत शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ज्वारीचंच घ्या. ज्वारीतलं मुख्य प्रथिन काफिरीन. पाण्यात शिजवलं की ते आणखी घट्ट बांधलं जातं आणि पचायला कठीण होतं. धान्यातलं लोह आणि जस्त फायटेट नावाच्या द्रव्यात अडकलेलं असतं. ज्वारी भिजवून आंबवली की धान्यातलाच एक विकर जागा होतो, फायटेट फुटतं, लोह मोकळं होतं, प्रथिनही पचायला सोपं होतं. म्हणजे आंबील चवीपुरती नाही, ज्वारीचं पूर्ण अन्न करण्याची ती रीत आहे. ज्वारी जिथं पहिल्यांदा शेतात आली त्या सुदानच्या लोकांनीही हेच शोधलं. तिथं ज्वारीचं पीठ आंबवून पातळ धिरड्यासारखी किसरा करतात. सुदानचे शास्त्रज्ञ हमीद दिरार यांनी १९९३ साली आपल्या देशातल्या आंबवलेल्या पदार्थांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि ती विद्या त्यांना मिळाली म्हाताऱ्या बायांकडून. आमच्याकडच्या आज्यांकडं असं कोणी वही घेऊन बसलं नाही. त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर बरंच गेलं.

कुरडयांची गोष्ट अशीच. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी दाणा बोटात चिमटला की पांढरा चीक सुटतो. गहू वाटून चीक गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, वरचं आंबूस पाणी अलगद ओतून द्यायचं, खाली घट्ट बसलेला चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं खाटेवरच्या धोतरावर घालायचा. पाणी बदलायला एक दिवस चुकलं तर गहू आंबण्याऐवजी सडतो. वास तीक्ष्ण आणि घाणेरडा येतो. त्या गव्हाच्या कुरड्या तळल्यावर लाल पडतात, फुलत नाहीत. म्हणजे सडणं कधी होतं हे आमच्या बायांना पक्कं ठाऊक आहे. शेजारणीच्या मडक्याला तो शब्द लावताना मात्र हे ज्ञान कुठं जातं?

या विद्येला लागलेला एक मैलही धुवून टाकायला हवा. लोणच्याच्या बरणीला, कुरडयांच्या चिकाला पाळीतल्या बाईनं हात लावला की ते नासतं, असं आमच्या घरात सांगत. मी स्वतः कितीतरी वर्षं लांब बसले. लोणचं बिघडतं ते ओल्या चमच्यानं, मीठ कमी पडल्यानं, फोडी तेलाच्या वर उघड्या राहिल्यानं. मीठ पुरेसं असलं आणि आंबटपणा इतका चढला की पीएच ४.६ च्या खाली गेला, की बोट्युलिझम घडवणारा भयंकर जंतूही वाढू शकत नाही. बरणीला बाईच्या पाळीशी काही देणं-घेणं नाही. माझ्या मुलीनं गेल्या वर्षीचं कैरीचं लोणचं त्याच चार दिवसांत घातलं. ते अजून टिकून आहे, खार छान सुटला आहे.

विद्या जाण्याचं कारण आळस नाही, हेही सांगितलं पाहिजे. आमच्या पट्ट्यात ज्वारीच उरली नाही. कपाशी, सोयाबीन, मका आणि संत्र्याच्या बागा यांत ती गेली. एखाद्यानं हौसेनं दोन एकर पेरली तर आजूबाजूला दुसरं कणीस नसल्यानं सगळी पाखरं त्याच शेतावर उतरतात. शिधावाटपात गहू-तांदूळ मिळतो. २०२३ हे जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, ज्वारीची बिस्किटं आणि चिवडे दुकानात आले. पण ज्वारीच्या कण्या ताकात कालवून खाणारं, रात्री आंबील भिजवणारं घर त्यानं वाढलं नाही, कारण त्याला पाकीट नको असतं, सवय हवी असते. आणि रोज सकाळी मडक्यात डोकावायला घरात कोणाला तरी पाच मिनिटं निवांत मिळायला हवीत. ती पाच मिनिटं एकट्या बाईच्याच खात्यात धरायची असतील तर ही विद्या परत येऊ नये, असंच मी म्हणेन. पुरुषांनी विरजण लावायला शिकावं. त्यात अवघड काही नाही.

दक्षिण कोरियात हिवाळ्याआधी शेजारी-नातेवाईक एकत्र बसून वर्षाची किमची घालतात. त्या प्रथेची २०१३ साली युनेस्कोच्या वारशात नोंद झाली. आमच्याकडं उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया मिळून एकमेकींच्या कुरड्या घालतात, आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. नोंद व्हावी की नाही हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. अंगणवाडीतल्या पोरांना उन्हाळ्याच्या सकाळी आंबील मिळावी, हा वाटतो. संत्र्याच्या आंबिया बहारात पावसाळ्यात ढिगानं फळगळ होते आणि ती फळं बांधावर टाकून देतात. त्यातल्या चांगल्या फळांचा सिरका घरोघरी करून पाहावा, हाही वाटतो.

आमच्या बागेत संत्रातोडणीला येणारी एक गोंड बाई आहे. गेल्या वर्षीच्या महालक्ष्म्यांत ती प्रसादाला आली होती. पुरणपोळी बाजूला ठेवून तिनं आधी आंबिलीची वाटी उचलली, एक घोट घेतला, जीभ टाळूला लावून थांबली. मी विचारलं, "कशी झाली, बाई?" ती म्हणाली, "चांगली हाय. पण एक रात अजून ठेवाले पायजे होतं. पाणी-पाऊस चालू हाय, गारवा हाय, येवाले येळ लागते."

घरातल्या चार बाया तिच्याकडं बघत राहिल्या. तिचं बरोबर होतं. पाऊस लागून राहिला होता आणि आम्ही मडकं नेहमीसारखं एकाच रात्रीत उतरवलं होतं. या वर्षी मडकं एक दिवस आधी भरायचं ठरलं आहे, आणि ते आलं की नाही हे पाहायला तिलाच बोलावणार आहोत.